अर्ध्या इंचाची माया

आमच्या घरात एक गोल पत्र्याचा डबा आहे. कधी काळी त्यात बिस्किटं होती, असं झाकणावरच्या उडालेल्या चित्रावरून म्हणता येतं. पण माझ्या आठवणीत त्यातून बिस्किट कधीच निघालं नाही. लहानपणी पाहुण्यांची पोरं मोठ्या आशेनं तो उघडत आणि आत दोऱ्याची रिळं, बॉबिनी, हूक, सुया, तुटका खडू नि गुंतलेली टेप पाहून हिरमुसून झाकण लावत. तो आईचा शिवणाचा डबा.

आम्ही इचलकरंजीचे. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इथं पहिला यंत्रमाग आणला आणि हे गाव कापडाचं झालं. आमच्या गल्लीत मागांचा खटखटाट इतका अंगवळणी पडला आहे की, वीज जाऊन माग थांबले की झोपलेली माणसं जागी होतात. बाबा मागावर आहेत, ते कापड विणतात. आई ब्लाऊज शिवते, साड्यांना फॉल लावते. घरात दोऱ्याशी संबंध नसलेली मी एकटीच. मी पुस्तकं वाचते, आणि ती वाचत असताना घरातलं कुणी मोठ्यानं बोलत नाही. या शांततेचा मला पुढं फार त्रास झाला. तेच सांगायचं आहे.

त्या डब्याची एक खोड होती. हवी ती वस्तू नेहमी तळाशी. एक हूक पाहिजे असेल तर सगळा डबा फरशीवर पालथा करावा लागे. पत्र्याचा खणखणाट होई, बॉबिनी घरंगळत कॉटखाली जात, आणि शोधता शोधता आईच्या बोटात हमखास सुई टोचे. ती बोट तोंडात धरी आणि दुसऱ्या हातानं शोधत राही. सगळं सापडलं की शेवटची हाक माझ्या नावानं येई, "सुई ओवून दे ग!"

आईला चाळिशी लागली आहे. वय वाढलं की डोळ्यातल्या भिंगाची लवचीकता कमी होते आणि जवळचं नीट दिसेनासं होतं. मराठीनं या दुखण्याला वयाचंच नाव देऊन टाकलं आहे! चष्मा आहे, तरी संध्याकाळच्या दिव्यात काळ्या साडीचा काळा दोरा नेढ्यातून काही जात नाही. सुयांच्या पाकिटाबरोबर ओवायची एक पत्र्याची चकती मिळते, पण तिची केसासारखी तार चार दिवसांत तुटते. मशीनची सुई आई सवयीनं, चाचपून ओवते. फॉलाची, हुकांची हातसुई मात्र माझ्याकडे.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात माझी परीक्षा आणि गावातली लग्नसराई एकदमच आली. दुसऱ्या दिवशी अर्थशास्त्राचा पेपर होता. मी भिंतीकडे तोंड करून वाचत बसले होते. आईपुढं साड्यांचा ढीग होता. त्या संध्याकाळी तिनं पाच की सहा वेळा हाक मारली. सहाव्या वेळी मी उठले, सुई ओवली, ती तिच्या हातात जवळजवळ फेकली आणि म्हणाले,

"दर पाच मिनिटांनी तुझी सुई! मला काही शिकू द्यायचं आहे की नाही?"

आई रागावली नाही. "वाच, वाच. न्हाई हाक मारत," एवढंच म्हणाली.

आणि तिनं शब्द पाळला. खरंच हाक मारली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, परीक्षा संपल्यावरही नाही. मला वाटलं, तिला आता जमत असेल. खरं सांगायचं तर मला काहीच वाटलं नाही. हाक येत नाही हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. सुखाची सवय लवकर लागते.

पावसाळ्यात एकदा शेवटचे दोन तास झाले नाहीत आणि मी दुपारीच घरी आले. उंबऱ्यावर शेजारची चौथीतली मुलगी बसली होती. तिच्या मांडीवर आमची उशी, आणि उशीत ओळीनं खोचलेल्या ओवलेल्या सुया. लाल दोरा, हिरवा, मोरपंखी, काळा. जीभ बाहेर काढून ती पुढची सुई ओवत होती. शेजारी दोन गोळ्या ठेवलेल्या होत्या, तिची मजुरी.

"तू काय करतेस?" मी विचारलं.

"तुम्ही अभ्यास करता न्हवं, म्हणून मावशी मला बोलावती," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात काही खोच नव्हती, आणि तेच मला फार लागलं.

आई आत मशीनवर होती. मला पाहून तिनं पायडल थांबवलं आणि काही चोरताना सापडावं तशी ओशाळून हसली. चूक माझी होती, पण ओशाळली ती. तो चेहरा मला अजून दिसतो.

माफी मागणं आमच्या घरात जमत नाही. तसे शब्दच आम्ही कधी वापरलेले नाहीत. मी आधी आईला डोळे तपासायला नेलं, चष्म्याचा नंबर बदलून आणला. तेवढ्यानं माझं समाधान होईना. मग मनात आलं, आई गावातल्या इतक्या बायकांसाठी शिवते, तिच्यासाठी कुणी काय शिवलं? तिचे ब्लाऊजही तीच शिवते, तेही उरलेल्या अस्तरातून. इतिहासाच्या तासाला सरांनी सांगितलेली एक गोष्ट मला आठवली. १९२४ साली यंत्रांविषयी बोलताना गांधीजींनी शिवणयंत्राला अपवाद मानलं होतं. आपल्या बायकोचे हातशिलाईचे कष्ट पाहून सिंगरनं ते यंत्र घडवलं, अशी त्यांची समजूत होती. वर्गात ऐकताना मी ते फक्त लिहून घेतलं होतं.

मी ठरवलं, आईला तिच्या सामानासाठी एक पिशवी शिवायची. वहीसारखी उघडणारी, आत प्रत्येक वस्तूला वेगळा कप्पा आणि तीन बाजूंनी चेन.

बाबांनी कारखान्यातून जाड कापडाचा एक तुकडा आणून दिला, मळकट पांढरा. आतल्या कप्प्यांसाठी आईच्या चिंध्यांच्या गाठोड्यातून फुलाफुलांचं पॉपलीन काढलं. चेन बाजारात मीटरवर मिळते आणि रनर सुटे मिळतात, हे मला दुकानात गेल्यावर कळलं. एक मीटर चेन आणि दोन रनर घेतले. दुकानदारानंच सांगितलं, "पहिल्यांदा लावताय? मग दोन घ्या."

आता एका खोलीच्या घरात गुपित कसं मावणार? रविवारी मी मशीनवर बसले तेव्हा आई शेजारीच भाजी निवडत होती.

"काय शिवालीस?"

"माझ्या पेनांसाठी पिशवी."

कागदावरचा माझा नकाशा तिनं एकदा पाहिला. "पेनांसाठी एवढं कप्पं कशाला ग?" म्हणाली, आणि पुन्हा भाजीकडे वळली.

मला पिशवी उघडल्यावर बारा इंच रुंद आणि आठ इंच उंच हवी होती. मी पट्टी घेतली, खडूनं रेघा मारल्या आणि बरोबर बारा बाय आठ कापड कापलं. रिळाची जाडी दीड इंच, म्हणून रिळाचा कप्पा दीड इंच. कागदावर सगळं चोख होतं. शिवून झाल्यावर पाहते तर पिशवी अकरा बाय सातच भरली! कैची तिरकी घातली तरी टोक बाहेर. आणि कप्प्यात रिळ काही केल्या जाईना, कारण रिळ गोल असतं आणि कप्पा सपाट, हे मी विसरले होते.

आईनं हात पुसले, ती पिशवी उलटी केली, आणि आतली शिवण दोन बोटांत धरून म्हणाली,

"माया कुठं सोडलीस?"

मी पाहतच राहिले.

"मापाएवढंच कापलंस, शिवणीला काय ठिवलंस? चारी बाजूंनी अर्धा इंच माया सोडायची. माया सोडल्याबिगर काय बसतंय व्हय त्यात?"

शिवणकाम करणाऱ्यांना हा शब्द ठाऊक आहे. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. ते बाहेरून दिसत नाही, पण त्याच्याशिवाय शिवण टिकत नाही, पहिल्या ओढीला उसवते. कपडा पुढं सैल करायचा झाला तर तीच उपयोगी पडते. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत होते, पण कधी ऐकलाच नव्हता. आईनं तो उच्चारला आणि मला माझा शाळेचा स्कर्ट आठवला. पाचवीत शिवलेला तो स्कर्ट मी आठवीपर्यंत घातला. खालच्या दुमडीत आईनं भरपूर कापड ठेवलं होतं. दर जूनमध्ये ती एक घडी उसवायची आणि स्कर्ट माझ्याबरोबर वाढायचा. उसवलेल्या घडीच्या जागी न विटलेली गडद निळी रेघ उमटायची, आणि त्या रेघेची मला वर्गात लाज वाटायची. झाडाच्या बुंध्यात वर्षांची वर्तुळं असतात, तशा त्या माझ्या वर्षांच्या रेघा होत्या. पण तेव्हा मला त्या फक्त गरिबीच्या वाटल्या.

दुसऱ्या रविवारी तेरा बाय नऊ कापड कापलं. रिळाचे कप्पे अडीच इंचांचे केले. कोपऱ्यांवर चेन वळावी म्हणून आईच्या सांगण्यावरून वाटी उपडी ठेवून ते गोल आखले. आता चेन.

चेन लावणं म्हणजे डोक्याची परीक्षा आहे. बाहेरच्या कापडाची सुलट बाजू वर ठेवायची, तिच्यावर चेन पालथी, तिच्यावर अस्तर पालथं, आणि मग टीप मारायची. म्हणजे जे शेवटी दिसायचं आहे ते सगळं शिवताना आत तोंड लपवून असतं, आणि आपल्याला दिसते ती फक्त मागची बाजू. हाताएवढी फट ठेवायची आणि शेवटी तिच्यातून सगळं बाहेर ओढून उलटवायचं. मी मनातल्या मनात चारदा उलटवून पाहिलं, मान डोलावली आणि धडाधड टीप मारली. पिशवी उलटवली. चेन होती, गोल कोपऱ्यांवर छान वळलीही होती, पण रनरची मूठ आतल्या बाजूला! तुम्ही हसाल, ही पिशवी बंद करायची तर माणसानं पिशवीत जाऊन बसायला हवं होतं.

आईही हसली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मग तिनं ब्लेड माझ्या हातात दिलं.

"उसव. उसवायला आलं की शिवायला आलं बघ."

टीप उसवणं सोपं नाही. मशीनची टीप दोन दोऱ्यांची असते. वरचा दोरा सुईतून येतो, खालचा बॉबिनमधून, आणि दोघे कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकतात. एक टाका कापून दोरा सरळ ओढता येत नाही. दर तीन-चार टाक्यांनी कापावं लागतं, तेही कापडाला ब्लेड न लागता. मला दोन तास लागले. त्या दोन तासांत मला समजलं की, चुकीचं बोलायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या कितीतरी पट वेळ ते उसवायला लागतो. आई समोर बसून फॉल लावत होती. बोलावं असं फार वाटलं, पण शब्द ओठांपर्यंत येऊन परत गेले.

त्या आठवड्यात मी ग्रंथालयात चेनचा इतिहास शोधून वाचला. अमेरिकेत व्हिटकोम जडसन यानं १८९३ साली बुटांसाठी आकड्यांची एक सरकती बंदिस्ती केली आणि तिचं पेटंट घेतलं. पण ती अडकायची, मधेच सुटायची. गिडिअन सुंडबॅक यानं दातांची रचना सुधारून १९१३ साली आजच्यासारखी चेन तयार केली, आणि १९१७ साली त्याला तिचं पेटंट मिळालं. ‘झिपर’ हे नाव तर १९२३ सालचं, तेही रबरी बुटांवरून पडलेलं. माझ्या चेनला दात नव्हते. नायलॉनच्या तारेची वेटोळी होती. पण युक्ती तीच. रनरच्या पोटात दोन वाटा असतात, त्या पुढं जाऊन एक होतात. एका दिशेला ओढला की तो दोन्ही बाजू तिरक्या आणून एकमेकींत बसवतो. उलट ओढला की त्याच्यातली पाचर त्यांना वेगळं करते. जोडणारा आणि तोडणारा एकच. साधी चेन धड व्हायला वीस वर्षं लागली, हे वाचून मला धीर आला. माझे तर दोनच रविवार गेले होते.

तिसऱ्या रविवारी चेन सुलट लागली. आनंदाच्या भरात मी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सर्रकन ओढली आणि रनर माझ्या हातात आला! मीटरवरच्या चेनला टोकाशी अडसर नसतो. तिथं आधी पाच-सहा घट्ट टाके घालून वाट बंद करावी लागते. दुकानदारानं दोन रनर का दिले ते आता कळलं, कारण पहिला नेमका कॉटखाली गेला. आईनं चेनीची एक पट्टी अर्धं बोट पुढं घेतली, दुसरी मागं, आणि न बघता, नुसत्या बोटांनी, दुसरा रनर चढवून दिला. सुई ओवायला न दिसणारी आई! बोटांना डोळे असतात हे मी त्या दिवशी पाहिलं.

आत फलालीनचं एक पान शिवलं होतं, सुया खोचायला. त्या रात्री आई झोपल्यावर मी बारा सुया ओवल्या. तांबडा, हिरवा, पिवळा, मोरपंखी, आणि तिला सगळ्यात त्रास देणारा काळा, तो चार सुयांत. डब्यातलं एकेक सामान कप्प्यात लावलं. बॉबिनी एका ओळीत, हूक चेनच्या छोट्या खिशात, टेप गुंडाळून, खडू वेगळा. रिकामा डबा इतका हलका लागला की क्षणभर वाईट वाटलं.

सकाळी पिशवी आईपुढं ठेवली. "पेनांची न्हवं का?" ती म्हणाली. मी काही बोलले नाही.

तिनं चेन उघडली. कप्प्यांवरून हात फिरवला. फलालीनचं पान उलटलं आणि ओवलेल्या सुया पाहिल्या, एकेक करून, जणू मोजत होती. मग तिनं, तिच्या सवयीप्रमाणे, पिशवीची शिवण तपासली. पॉपलीनच्या आत कापडाची कड बोटांना लागत होती. दोनदा फसल्यामुळे मी या वेळी अर्ध्या इंचाऐवजी चांगली एक इंच सोडली होती.

"माया जरा जास्तच सोडलीस की," ती म्हणाली.

"कापू का?"

"ऱ्हाऊ दे."

माझी माफी आणि तिची क्षमा, दोन्ही एवढ्यातच झालं. शेजारच्या मुलीला आईनं त्या दिवशी गोळ्या दिल्या, पण काम दिलं नाही. तो डबा अजून आहे. त्यात आता बिस्किटं असतात आणि पाहुण्यांची पोरं हिरमुसत नाहीत.

दर रविवारी मी रिकाम्या झालेल्या सुया ओवून ठेवते. आठवड्याला बारा पुरतात, हा माझा हिशेब. पण परवा बुधवारी मी वाचत बसले होते, आणि मशीनकडून हाक आली,

"सुई ओवून दे ग!"

मी पुस्तक पालथं ठेवलं आणि उठले. पिशवी तिच्या शेजारीच उघडी होती. फलालीनच्या पानावर काळ्या दोऱ्याच्या दोन सुया अजून ओवलेल्या होत्या. तिच्या हातातला दोराही काळाच होता.

मी काही बोलले नाही. दिव्याकडे तोंड करून सुई ओवली, दोऱ्याला गाठ मारली आणि तिच्या हातात दिली.

(द्वितीय वर्ष, कला)